परागकण म्हणजे शुक्राणू नव्हे

‘परागकण म्हणजे वनस्पतीचा शुक्राणू’ हे वाक्य क्लासच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे भेटतं. लक्षात ठेवायला सोपं, पण चूक. परागकण ही स्वतःच दोन-तीन पेशींची एक नर वनस्पती असते. शुक्राणू तिच्या आत तयार होतात.

हे कळायला ‘पिढ्यांचं एकांतरण’, म्हणजे एकाच जीवाच्या दोन रूपांनी आलटून-पालटून येणं, समजून घ्यावं लागतं. आधी समुद्रातलं, दिसायला तसंच पण वेगळं उदाहरण. ओबेलिया हा जेलीफिशचा नातलग. धक्क्याच्या खांबांवर, शिंपल्यांवर त्याची काही सेंटिमीटरची, फांद्या फुटलेली वसाहत वाढते. तिच्यावर खाणारे जीव वेगळे आणि जननाचे कोष वेगळे. या कोषांतून इवल्या छत्र्या, म्हणजे छत्रीच्या आकाराच्या चिमुकल्या जेलीफिश, सुटतात. त्या नर किंवा मादी असतात आणि शुक्राणू किंवा अंडी सरळ पाण्यात सोडतात. फलनानंतर अळी होते, ती कुठेतरी चिकटली की नवी वसाहत. क्रमिक पुस्तकांत याला ‘पिढ्यांचं एकांतरण’ म्हटलेलं असतं, पण वसाहत आणि छत्री दोन्ही द्विगुणीच, म्हणजे गुणसूत्रांचे दोन-दोन संच बाळगणाऱ्या. खऱ्या एकांतरणात एका पिढीत दोन संच असतात, तर दुसरीत एकच.

खरं एकांतरण बघायचं तर मका घ्या. मक्याच्या पेशीत २० गुणसूत्रं, तुऱ्यातून उडणाऱ्या परागकणात १०. त्यात एक मोठी पेशी आणि तिच्या आत दोन शुक्राणू. त्यांना शेपटी नाही आणि पोहायला पाणीही नाही. म्हणून मोठी पेशी नलिका होऊन वाढते. कणसाचा प्रत्येक केस एकेका होऊ घातलेल्या दाण्यापर्यंत जातो. त्या केसातून ही नलिका फूटभर वाटही साधारण २४ तासांत कापते. जिवंत द्रव्य टोकाकडे सरकतं, मागचा भाग कॅलोज नावाच्या शर्करायुक्त पदार्थाच्या बुचांनी बंद होत जातो. शेवटी भ्रूणकोषातल्या, म्हणजे होऊ घातलेल्या दाण्यातल्या अंडपेशीच्या कोषातल्या, साहाय्यक पेशी प्रथिनं सोडून नलिकेला बोलावतात. त्यातल्या एकीत शिरून नलिका फुटते. एक शुक्राणू अंडपेशीशी मिळतो: १० + १० = २०, हा भ्रूण. दुसरा मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी: १० + १० + १० = ३०, हा भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारा साठा. हेच द्विफलन. आपण खातो ते मक्याचं पीठ मुख्यतः ३० गुणसूत्रांच्या पेशींचं.

परागकणाला वनस्पती म्हणणं अतिशयोक्ती वाटत असेल, तर दिल्ली विद्यापीठातलं काम पाहा. १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोष काचपात्रात वाढवले, तेव्हा आतल्या परागकणांपासून भ्रूण तयार झाले. त्यांची पुढे रोपं झाली: मूळ, खोड, पानं सगळं असलेली, पण गुणसूत्रं २४ ऐवजी १२.