शिष्यत्व, ख्रिस्ती

येशू ख्रिस्ताच्या सहवासात राहून, त्याची शिकवण आचरून त्याच्यासारखे होत जाण्याच्या आजीवन प्रक्रियेला ख्रिस्ती परंपरेत शिष्यत्व म्हणतात. बायबलच्या नव्या करारातील ‘माथेतेस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ असा असून तो केवळ चार शुभवर्तमानांत आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आढळतो. अंत्युखिया या प्राचीन नगरात शिष्यांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले (प्रेषितांची कृत्ये 11:26), म्हणजे शिष्य ही ओळख त्या नावाहून जुनी आहे.

येशूने बारा शिष्यांना नेमण्याचे, शुभवर्तमानकार मार्कने दिलेले पहिले कारण ‘त्यांनी आपल्याबरोबर असावे’ हे आहे. उपदेशासाठी पाठवणे त्यानंतर येते (3:14), आणि हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. योहानाच्या 15व्या अध्यायातील वेल व फाटे यांच्या दृष्टान्तातही हाच विचार आहे: वेलीत राहिल्याशिवाय फाट्याला फळ येत नाही. त्यामुळे सद्‍गुण हे देवाच्या जवळिकीचे मोल नसून तिचे फळ ठरतात, प्रेम, आनंद, शांती यांपासून इंद्रियदमनापर्यंतच्या नऊ गुणांना प्रेषित पौलाने ‘आत्म्याचे फळ’ म्हटले आहे (गलती. 5:22–23). मात्र नुसता सहवास पुरेसा नसतो. यहूदा इस्कार्योत त्याच बारांपैकी होता, आणि पेत्र या शिष्याने तर येशूशी असलेली ओळख तीनदा नाकारली. दररोज आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याची अट (लूक 9:23) म्हणूनच या जवळिकीपासून वेगळी काढता येत नाही.

ख्रिस्तासारखे होत जाण्याच्या या पालटासाठी पौल जे ग्रीक क्रियापद वापरतो (रोम. 12:2; 2 करिंथ. 3:18), तेच मत्तय व मार्क यांनी डोंगरावरील येशूच्या रूपांतरासाठी वापरले आहे. करिंथकरांच्या पत्रात ते कर्मणी वर्तमानकाळात येते: रूपांतर होत असते, आणि ते घडवणारा पवित्र आत्मा असतो.

या प्रक्रियेकडे पाहण्याची दृष्टी पंथागणिक बदलते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च तिला ‘थिओसिस’, म्हणजे कृपेने देवाच्या जीवनात सहभागी होणे, असे म्हणते, तर प्रॉटेस्टंट ईश्वरविद्येत विश्वासाने नीतिमान ठरवले जाणे आणि त्यानंतरचे पवित्रीकरण, म्हणजे हळूहळू पवित्र होत जाणे, यांत सहसा भेद केला जातो. साधनांतही वैविध्य आहे. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीने प्रार्थना, वाचन व अंगमेहनत यांत मठवासीयांचा दिवस बांधला; जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीतील सुमारे बारा जणांचे ‘क्लास’ मात्र 1742 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्याकरिता दर आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्याच्या निमित्ताने सुरू झाले, आणि वर्गणीसाठी होणाऱ्या गाठीभेटींतूनच परस्परांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करण्याची शिस्त रुजली.

विसाव्या शतकात जर्मन ईश्वरविद्यावेत्ता डिट्रिश बोनहोफर याने शिष्यत्वावरील 1937 च्या ग्रंथात, आज्ञापालनाची मागणी न करणाऱ्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे त्याला 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आली.