पांढऱ्या डागांवर प्रकाशोपचार : येण्याआधी एवढे वाचा

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने ते दुसऱ्याला होत नाही. दुधावर मासे खाल्ल्यानेही होत नाही. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून डाग पडतो. मात्र फिकट चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल, तर आमच्याआधी सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

आमचे यंत्र म्हणजे उभे कपाट, आत ट्यूबलाइटसारखे दिवे. त्यांतून सुमारे ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण येतात. यालाच नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढ. डोळ्यांवर काळा चष्मा लागतोच, पुरुषांनी गुप्तांग झाकायचे. दुसऱ्या दिवशी डाग किंचित गुलाबी झाला तर घाबरू नका. फोड आला किंवा आग होत राहिली, तर पुढची खेप घेऊ नका, आम्हाला कळवा.

आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून यावे लागते, तेही कित्येक महिने. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, चुकलेली एसटी, हे सगळे आम्हाला ठाऊक आहे. तरी चुकलेली खेप लागोपाठ दोन दिवस येऊन भरून निघत नाही, उलट कातडी भाजते. बरेच जण दुसऱ्या महिन्यात सोडतात, त्याची आम्हाला फार हळहळ वाटते. कारण रंग परततो तो केसाच्या मुळाशी, मोहरीएवढ्या तपकिरी ठिपक्याने, आणि तो दिसायलाच अनेकदा दोन-तीन महिने लागतात. पुढे ठिपके एकमेकांना मिळतात. चेहरा-मान लवकर साथ देतात. बोटांची टोके, ओठ आणि पांढरे केस उगवलेले डाग फार कमी. हे पैसे घेण्याआधीच सांगतो. सहा महिने नियमित येऊनही फरक नसेल, तर थांबा असे आम्हीच म्हणू.

बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याबद्दल रोज कोणी ना कोणी विचारतो. बावचीत सोरालेन असते, त्यामुळे कातडीवर प्रकाशाचा परिणाम वाढतो, हे खरे. पण तेलात ते किती आहे आणि आपल्या वैशाखातले ऊन किती, याचे माप कोण ठेवणार? मोठाले फोड येतात, आणि त्या जखमेवर नवा डागही उठू शकतो.

चेहऱ्यावर डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमसचे मलम देतात. स्टेरॉइडचे मलम सांगितले तेवढेच दिवस लावा; मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणून लावल्यास कातडी पातळ होते. डाग झपाट्याने पसरत असतील तर गोळ्या, आणि वर्षभर स्थिर असतील तर कातडीचे रोपण. हे दोन्ही तज्ज्ञांचे काम, आमच्याकडे होत नाही.

घासल्या-खरचटल्या जागी कोड उठते. लुगड्याची गाठ, परकराचा नाडा करकचून बांधू नका, पऱ्हाटीत बोंडांची टोके हाताला ओरबाडतात म्हणून लांब बाह्यांचा सदरा घाला. चिकटवायच्या टिकलीखाली किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पांढरे पडू लागले, तर ती वस्तू त्याच दिवशी बंद करा. डिंकातली, रबरातली काही रसायने रंगपेशी मारतात.

येताना त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणा, बीपीचीसुद्धा. काही गोळ्यांनी कातडी लवकर भाजते, ते पाहूनच आम्ही दिवा लावतो.