डोळ्यात भिंग बसवणारा पहिला सर्जन : हॅरोल्ड रिडली यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'लेन्स कुठली टाकायची?' भारतीय की इम्पोर्टेड, साधी की फोल्डेबल, मेडिक्लेममध्ये कुठली बसेल. लेन्स टाकायची की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. १९४९ पर्यंत मात्र परिस्थिती नेमकी उलटी होती. डोळ्यात शिरलेली बाहेरची वस्तू काढायची, हे नेत्रतज्ज्ञाचं काम. स्वतःहून आत काही ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ च्या सुमारास मोतीबिंदू, म्हणजे डोळ्याचं धुरकट झालेलं भिंग, डोळ्याबाहेर काढायची पद्धत रूढ केली. तेव्हापासून दोनशे वर्षं रुग्णाच्या नशिबी एकच गोष्ट होती, अधिक दहा-बारा नंबरचा जाडजूड चष्मा. त्यातून सगळं निदान पाव हिश्शाने मोठं दिसायचं आणि कडेचं दिसायचं नाही. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असलं तर दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांशी जुळायचीच नाहीत.

हे चित्र बदलणारे हॅरोल्ड रिडली १९०६ साली इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये जन्मले. वडीलही डोळ्यांचे सर्जन. केंब्रिज, मग लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल, आणि १९३८ मध्ये मूरफील्ड्स या डोळ्यांच्या नामांकित रुग्णालयात कन्सल्टंट. ब्रिटिश रुग्णालयात कन्सल्टंट म्हणजे शेवटची पायरी. रुग्ण त्याच्या नावाने दाखल होतो, निर्णय त्याचा आणि काही बिघडलं तर उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. युद्धकाळात रिडली लष्करी सेवेत पश्चिम आफ्रिकेत गेले. तिथे आजच्या घानामध्ये त्यांनी 'रिव्हर ब्लाइंडनेस' या कृमींमुळे येणाऱ्या अंधत्वाचा बारकाईने अभ्यास केला. भिंगाच्या झगमगाटात हे काम झाकोळलं गेलं, पण माझ्या मते त्यांची खरी ओळख तिथेच पटते. समोरच्या डोळ्यात काय चाललंय ते आधी नीट पाहायचं, पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर.

हीच सवय एका वैमानिकाच्या बाबतीत कामी आली. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या लढाऊ वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या, कॉकपिटचं पर्स्पेक्सचं छत फुटलं आणि त्या प्लॅस्टिकचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. पुढे चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. एक डोळा गेला. उरलेल्या डोळ्यातले पर्स्पेक्सचे कण मात्र निमूट पडून राहिले. लाली नाही, सूज नाही. लोखंडासारख्या धातूचा कण डोळ्यात गेला तर डोळा अनेकदा असा गप्प बसत नाही. ही गोष्ट रिडलींच्या मनात घर करून राहिली. युद्धानंतर एका ऑपरेशनच्या वेळी एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, 'खराब भिंग काढलंत, मग त्या जागी नवं का नाही बसवत?' म्हणतात की त्या प्रश्नानेच त्यांना कामाला लावलं.

रेनर या भिंगं बनवणाऱ्या कंपनीच्या जॉन पाइक यांना त्यांनी हाताशी धरलं. आयसीआय कंपनीने डोळ्यासाठी खास शुद्ध पर्स्पेक्स तयार करून दिलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमसमध्ये पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंचा मोतीबिंदू काढण्यात आला आणि भिंग कायमचं बसलं ते फेब्रुवारी १९५० मध्ये. बोभाटा होऊ नये म्हणून सगळं गुपचूप. ऑपरेशन छान झालं, नंबर मात्र पार चुकला. रिडलींनी निसर्गाच्या भिंगाचा गोलवा जवळपास जसाच्या तसा घेतला होता. पण पर्स्पेक्स प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे तोच गोलवा त्यात फार जोरदार ठरला. बाईंना उणे दहाच्याही पलीकडे नंबर आला! पुढची भिंगं चपटी करावी लागली. आज ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजून नंबर काढतात, ते गणित त्या वेळी नव्हतंच.

१९५१ च्या जुलैत ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी आपले रुग्ण सोबत नेले. ब्रिटनमधलं या शाखेतलं सर्वांत वजनदार नाव म्हणजे सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर. त्यांनी रुग्ण तपासायलाही नकार दिला. ही कहाणी सांगताना ड्यूक-एल्डरना खलनायक करायची पद्धत पडली आहे. त्यांचं वागणं उद्दाम होतं, यात वाद नाही. पण विरोधकांची धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. ते पहिलं भिंग जड होतं आणि ते आत धरून ठेवायला काही आधार नव्हता, म्हणून ते घसरायचं. ते निर्जंतुक करायला वापरलेल्या रसायनाचा अंश उरला की डोळा सुजायचा, काहींना काचबिंदू व्हायचा. सुमारे हजार रुग्णांनंतर, १९६० च्या आसपास, मूळ रचनेचं भिंग मागे पडलं. रिडली मागे हटले नाहीत, पण बरीच वर्षं एकटे पडले. १९६६ मध्ये त्यांनी पीटर चॉइस यांच्यासोबत भिंग बसवणाऱ्या मोजक्या सर्जनांचा एक क्लब काढला. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, तोवर वारं फिरायला नुकती कुठे सुरुवात झाली होती.

बाकीचं झरझर घडलं. भिंगाला आधार देणाऱ्या बारीक दांड्या आल्या. १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घ्यायची युक्ती काढली, आणि पुढे घडी घालता येणारी भिंगं आल्यावर बिनटाक्याचं ऑपरेशन शक्य झालं. रिडलींना १९८६ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली आणि २००० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, 'सर' ही पदवी. त्याआधी स्वतःचेही मोतीबिंदू काढून त्यांनी डोळ्यांत भिंगं बसवून घेतली होती, तीही सेंट थॉमसमध्येच. क्लीव्हरच्या उरलेल्या डोळ्यातही १९८७ मध्ये भिंग बसलं. २००१ मध्ये रिडली वारले.

आपल्याकडे हे भिंग सामान्य माणसापर्यंत पोहोचायला उशीर झाला, आणि अडचण कौशल्याची कमी, पैशाची जास्त होती. गावोगावच्या नेत्रशिबिरांतून नव्वदच्या दशकापर्यंत लोक जाड चष्मा घेऊनच घरी जायचे, कारण आयात भिंग परवडत नव्हतं. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत आयात भिंगाच्या एका लहानशा हिश्शावर आणली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प सुरू झाला. त्यात महाराष्ट्रही होता. शाळेच्या वर्गात किंवा तंबूत होणारी ऑपरेशनं बंद करून रुग्णांना रुग्णालयात आणायचं आणि सर्जनांना भिंग बसवायचं प्रशिक्षण द्यायचं, यावर त्यात भर होता.