शोधमोहीम की हेरगिरी: विज्ञानकथेतल्या जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

परक्या ग्रहाभोवती घिरट्या घालणारं यान अभ्यासाला आलंय की टेहळणीला, हा पेच विज्ञानकथेने समुद्रसफरींकडून उचलला. १७६८ मध्ये ब्रिटिश कप्तान जेम्स कुक ‘एंडेव्हर’ जहाज घेऊन निघाला तो शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र टिपायला. ३ जून १७६९ रोजी ताहितीत ते काम झालंही. पण नौदलाने त्याला एक मोहोरबंद लखोटाही दिला होता: वेध आटोपले की दक्षिणेकडचा अज्ञात खंड शोध, किनाऱ्यांचे नकाशे काढ आणि तिथल्या रहिवाशांच्या संमतीने सोयीच्या जागा राजाच्या नावे ताब्यात घे. ही संमती कशी मिळवायची, ते कुकने बघून घ्यायचं!

एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीत मंगळवासी आधी दुरून पृथ्वी न्याहाळतात, मग चढाई करतात. तिथे संशयाला जागाच नाही.

खरी सरमिसळ शीतयुद्धाने केली. मे १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत यू-२ हे अमेरिकेचं हेरगिरीचं विमान पडलं, तेव्हा ते हवामान संशोधनाचं असल्याची थाप अमेरिकेने मारली. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने पकडलेलं अमेरिकेचं हेरगिरी जहाज ‘पुएब्लो’ कागदोपत्री पर्यावरण संशोधनाचं होतं. त्याच प्रकरणावरून सुचलेला ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेचा भाग सप्टेंबरात आला. एरवी नवे ग्रह धुंडाळणारा कॅप्टन कर्क त्यात वेषांतर करून रोम्युलन या शत्रू परग्रहवासीयांच्या जहाजातलं अदृश्य होण्याचं यंत्र चोरतो.

गंमत अशी, की हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वाने गुंता वाढवलाच. स्थानिकांच्या आयुष्यात ढवळाढवळ नको, म्हणजे आपण कोण ते त्यांना कळू द्यायचं नाही. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या १९६४ च्या कादंबरीत पृथ्वीवरचे इतिहासकार मध्ययुगीन परग्रहावर सरदार बनून राहतात. नायकाच्या कपाळपट्टीत कॅमेरा दडवलेला असतो. हेतू निखळ अभ्यासाचा, पण रीत अस्सल हेराची. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ च्या कादंबरीतला दूत एकटा आणि उघडपणे येतो खरा, पण त्याच्याआधी वेष बदलून राहिलेले निरीक्षक तिथे येऊन गेलेले असतात.

म्हणून मला यानाच्या उपकरणांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्याशा वाटतात: ज्यांचं निरीक्षण होतंय त्यांना ते ठाऊक आहे का, आणि अहवाल कुणाच्या टेबलावर पडतो. लेखक इयन बँक्स यांनी १९८७ पासूनच्या ‘कल्चर’ कादंबरीमालिकेत हे खात्यांमध्येच मांडलं. नव्या संस्कृतींशी ओळख करून घेणारं ‘कॉन्टॅक्ट’, आणि हेरगिरीची मळकी कामं करणारं ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’. हे दुसरं खातं पहिल्याच्याच पोटात आहे.