मतांच्या प्रमाणात जागा, मग सरकारही जनतेच्या मनातलं?

‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणा, सरकार आपोआप जनतेच्या विचारांचं होईल,’ हे अर्धसत्य आहे. प्रमाण जुळतं ते संसदेत. सरकार ठरतं त्यानंतरच्या वाटाघाटीत.

न्यूझीलंड पाहा. जुन्या, आपल्यासारख्याच पद्धतीत (मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी) १९८१ साली लेबर पक्षाला मतं जास्त पडली, सत्ता मात्र नॅशनल पक्षाकडे राहिली. १९९३ मध्ये नॅशनलने सुमारे ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा घेतल्या. त्याच वर्षीच्या सार्वमताने पद्धत बदलली, प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं.

१९९६ ची पहिली नवी निवडणूक: नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, एकूण जागा १२०. फर्स्टचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी प्रचारात नॅशनलवर सडकून टीका केली होती. दोन महिने दोघांशी बोलणी करून ते शेवटी नॅशनलसोबतच गेले, उपपंतप्रधान झाले! म्हणजे तेरा टक्के मतांच्या पक्षाने सरकारचा कल ठरवला. शिवाय मतदारसंघ न जिंकणाऱ्या पक्षाला जागांसाठी किमान पाच टक्के मतांची अट: ख्रिश्चन कोअलिशन या आघाडीला ४.३३ टक्के मतं, जागा शून्य.

उलट, दोनच मोठे पक्ष मधल्या मतदारासाठी झगडतात तेव्हा जुनी पद्धतही मध्यममार्गी सरकार देऊ शकते. मात्र विरोधी मतं फुटली की हे गणित बिघडतं.