कोळशाच्या ट्रकची रांग : पार्श्वभूमी

विदर्भातल्या वणी, घुग्घुस, माजरी, उमरेड या खाणपट्ट्यात कोळसा नेणाऱ्या ट्रकच्या धुराचा प्रश्न एका सरकारी खात्याकडे गेला आणि चालकांच्या हालांचा दुसऱ्याकडे. दोन्हींचं मूळ एकच, वजनकाट्यापुढची रांग. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

खाणी सरकारी झाल्या तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. चालकाच्या दृष्टीने महत्त्वाचं साल त्याआधीचं, 1961. त्या वर्षीच्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ठरवले, सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिली. मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला. दोन-तीन हायवा (मागून ओतणारे ट्रक) असलेला मालक आपोआप बाहेर राहिला.

खरा गुंता ‘कामाचे तास’ या व्याख्येत आहे. गाडी चालवण्याचा वेळ धरला होता, नोंदी आणि भरणं-उतरवणं अशी जोडकामंही धरली होती. पण शेवटच्या ठिकाणी नुसतं हजर राहणं 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच ते कामात मोजायचं. तासन्‌तास थांबणारा माणूस मग कागदोपत्री रिकामा. ही तरतूद डेपोत पुढच्या फेरीची वाट पाहणाऱ्या बसचालकाला शोभते. खाणीच्या रांगेत दर काही मिनिटांनी गाडी एक लांबी पुढे घ्यावी लागते, झोप लागली की मागचा घुसतो. याला नुसती हजेरी म्हणणं चुकीचंच होतं. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला.

एका खेपेचे टप्पे असे : डीओवर (कोळसा उचलण्याच्या आदेशावर) नाव, टोकन, रिकाम्या गाडीचं वजन, लोडरखाली नंबर, भरल्यावर पुन्हा काटा, मग ताडपत्री आणि गेटपास. अडतं बहुधा दुसऱ्या काट्यावर. वजन जास्त भरलं तर गाडी परत फिरवून कोळसा उतरवायचा आणि पुन्हा रांगेत लागायचं. मजुरी खेपेवर, त्यामुळे हा वेळ चालकाच्या खिशातून जातो. तो भरून काढायला रात्री गाडी दामटली जाते.

आता धुराचं. 2009 च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले, अतिप्रदूषित यादीत वरच्या क्रमांकावर. पुढचे उपाय इंजिनाभोवती फिरले. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं नवं मानक आलं, डिझेलमधलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर उतरलं. नव्या ट्रकला काजळीची गाळणी म्हणजे डीपीएफ आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला 32.5 टक्के युरियाचं द्रावण लागतं. 100 लिटर डिझेलमागे साधारण 5 लिटर.

रांगेत हीच यंत्रणा हात टेकते. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर धुराचं तापमान 200 अंशांच्या आसपास टिकत नाही, युरियाचा फवारा बंद पडतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच बाहेर जातात. गाळणीतली काजळी जाळायला 600 अंशांच्या जवळ जावं लागतं. ते गाडी उभी करून करायचं तर अर्धा तास हवा, आणि कोळशाच्या भुकटीत ते धोक्याचं. चालक गाळणीच्या इशाऱ्याच्या दिव्याकडे दुर्लक्ष करतो, मग गाडीची ताकद उतरते आणि गाळणी वर्कशॉपमध्ये काढावी लागते. काही जण शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकतात. त्यातलं निंबोळी तेल आणि अशुद्धता यांनी नोझल चोंदतं. शिवाय अनुदानित युरिया असा वापरणं गुन्हाही आहे.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकची केबिन वातानुकूलित असणं बंधनकारक झालं. विदर्भाच्या मे महिन्यात ही सोय हवीच होती. पण एसी इंजिनवर चालतो. रांगेत थंडावा हवा तर इंजिन चालू ठेवा आणि तासाला लिटर-दोन लिटर डिझेल जाळा. डिझेलचा हिशेब एव्हरेजवर बांधलेला असेल तर हा खर्च कोणाच्या माथी, हे सांगायला नको.

रांगेची किंमत गेटच्या मालकाकडून वसूल करण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियाच्या बंदरांत झाला. 2002 मध्ये झालेल्या कायद्याने ट्रक 30 मिनिटांहून जास्त रांगेत धूर सोडत उभा राहिला तर टर्मिनलला प्रति ट्रक 250 डॉलर दंड ठेवला. वेळ देऊन ट्रक बोलावणाऱ्यांना आणि फाटक जास्त तास उघडं ठेवणाऱ्यांना सूट होती. पळवाटही निघाली, रांग फाटकाच्या आत सरकवण्याची. इकडे असा नियम करायचा झाला, तर घड्याळ टोकन दिल्यापासून दुसऱ्या काट्यापर्यंत चालू ठेवावं लागेल.