दारू बंद केल्यावर हात थरथरतात? गोळी मागण्याआधी हे वाचा
(परळच्या आमच्या मेडिकलमधून ग्राहकांसाठी)

गटारी होऊन श्रावण लागला की एक-दोन दिवसांत काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो: ‘ह्यांनी बंद केलीय, पण झोप नाही, कपातला चहा सांडतो. काहीतरी गोळी द्या ना.’ अल्प्राझोलॅमसारखी (घबराट-झोपेसाठीची, सवय लागू शकणारी) गोळी आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. २०१४ पासून तिची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. नियम नसता तरी दिली नसती, कारण अशा वेळी डॉक्टरच लागतो.

रोज क्वार्टर की हाफ, यावर घरात वाद होतात. त्यापेक्षा न प्यायल्यावर काय होतं ते बघा. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थांबत नाही, घाम फुटतो, मळमळतं? मग घरच्या घरी एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भास, बरळणं, घरच्यांना न ओळखणं सुरू होऊ शकतं. यात जीवही जातो. असं काही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. फिटमध्ये कांदा-चप्पल नको, तोंडात चमचाही नको. फक्त कुशीवर वळवा.

थरथर नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. दोन पेग ठरवून बाटली संपते, कामावर खाडे पडतात, बायकोला पैसे लपवावे लागतात, लिव्हरचा रिपोर्ट हातात असूनही थांबता येत नाही, तरीही दाखवायलाच हवं. ‘महिनाभर पाळतो की’ हा पुरावा आम्हाला अर्धाच वाटतो. विसर्जनानंतर काय होतं?

लोकलमधल्या ‘नकळत दारू सोडवा’ स्टिकरांच्या नादी लागू नका. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध, ते पोटात असताना प्यायलं की त्रास होतो) गुपचूप भाजीत घातलं आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हेच औषध देतात, पण पेशंटला सांगून.

केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ (मराठीतही बोलता येतं), व्यसनमुक्तीसाठी १४४४६. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं न्या आणि किती, शेवटची कधी घेतली ते खरं सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो. चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आलात तर नाव नोंदवहीत लागेल, चाळीत नाही.